लाकडाला पाजलेलं तेल

वैशाख अर्धा सरला की आमच्या खाडीकाठी एक वास सुटायचा. आंब्या-फणसाचा वास तर असायचाच, पण त्यावर चढून बसणारा हा वास मुशीच्या तेलाचा. ज्यानं तो घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही, नि ज्यानं घेतला तो मरेपर्यंत विसरायचा नाही. त्या दिवसांत होड्या, मचवे, पडाव सगळं काठावर ओढलेलं असायचं आणि माणसं उघड्या अंगानं, हातात चिंध्यांचे बोळे घेऊन लाकडाला तेल लावत असायची.

मी शेतकऱ्याचा मुलगा. आमचं घर भातशेती नि चार कलमांवर चालायचं. पण आजोबांची एका मचव्यात आठ आणे भागी होती, म्हणून मे महिन्यातले दहा-बारा दिवस आमच्या घरचेही हात त्या तेलात असायचे. जूनमध्ये शाळा उघडली तरी माझ्या नखांचा वास जायचा नाही. बाकावरचा शेजारी पोरगा सरकून बसायचा.

आमचं गाव वाघोटणच्या खाडीवर. ही खाडी खाली विजयदुर्गापाशी समुद्राला मिळते आणि वर खारेपाटणकडे जाते. रस्ते व्हायच्या आधी सगळं ओझं या पाण्यावरून जायचं. भात, मीठ, नारळ, जळाऊ लाकूड, मंगलोरी कौलं. आमचा मचवा हेच वाहायचा. तो चालवायचे गाबीतवाडीतले तांडेल. मी त्यांना तांडेलकाका म्हणायचो. उरलेली आठ आणे भागी त्यांची. मचवा बांधला तेव्हा त्याचा वरचा काठ, नाळेचं लाकूड आणि सुकाणूचा दांडा आमच्या वरकस जमिनीतल्या सागाचा निघाला होता. बाकी लाकूड विकतचं. तो साग आजोबांच्या वडिलांनी गुरांपासून, वणव्यापासून राखलेला. लाकूड आमचं नि समुद्र त्यांचा, अशी ती भागी होती.

कामाची रीत ठरलेली असायची. पुनवेच्या नाहीतर अमावास्येच्या उधाणावर मचवा वर घ्यायचा. खाली ओंडके, दोन्ही अंगांना धिरे. मग दोन दिवस नुसतं धुणं. नारळाच्या सोडणाचा चोथा घ्यायचा, खारं पाणी घ्यायचं आणि घासायचं. हे घासणंसुद्धा कसंही चालायचं नाही. मी एकदा जोर करून लाकडाच्या रेघेच्या दिशेनं खसाखसा घासत होतो, तर आजोबांनी माझा हात धरला नि माझंच बोट त्या लाकडावरून फिरवलं. बोटाला चरे लागत होते. लाकडात एक रेघ मऊ असते, एक कडक असते. रेघेच्या दिशेनं जोरानं घासलं की मऊ भाग निघून जातो, कडक भाग उभा राहतो आणि त्या चरीत पाणी नि मळ बसतो. म्हणून रेघेला आडवं घासायचं आणि तेही हलक्या हातानं.

धुऊन झालं की चार दिवस वाळवण. मग फटी बघायच्या, जिथं सूत सैल झालं असेल तिथं नवं सूत राळेबरोबर ठासायचं. पाण्याखाली जाणाऱ्या तळाला चुना नि चरबी. आणि पाण्यावरच्या सगळ्या सागाला तेल. मुशीची कलेजी मडक्यात घालून मंद आचेवर कढवून ते काढायचे. त्यात थोडी राळ विरघळवायची. तेल कोमट असतानाच बोळ्यानं लावायचं, जरा थांबायचं, पुन्हा लावायचं. लाकूड प्यायचं थांबलं की वर राहिलेलं कोरड्या चिंधीनं पुसून घ्यायचं. घाई करून एकाच हातात जाड थर दिला की आजोबा म्हणायचे, "लाकडाक तेल पाजूचां, फासूचां न्हय." वर चिकट थर राहिला की त्याला धूळ, वाळू, मासळीची खवलं सगळं चिकटतं. आत गेलेलं तेल तेवढं कामाचं.

सगळ्यांत जास्त तेल टोकं प्यायची. फळीचा जिथं आडवा काप असतो, तिथं लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. तेल तिथून आत जातं तसं पाणीही तिथूनच आत जातं. म्हणून काठाच्या दोन्ही टोकांना, खिळ्यांच्या भोकांना, सांध्यांना तीन-तीन, चार-चार वेळा पाजायचं. हे काम आजोबा दुसऱ्या कुणाला देत नसत.

हे सगळं वर्षातून दोनदा. एकदा पावसाच्या तोंडावर आणि एकदा नारळी पुनवेच्या आधी, मचवा पाण्यात ढकलण्यापूर्वी. मधल्या पावसाळ्यात त्याच्यावर झापांचा मांडव असायचा. घराची पडवी गळली तर चालेल, पण मचव्यावरचा झाप उडता कामा नये, असं तांडेलकाका म्हणायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खारां पाणी होडयेक राखता, गोडां पाणी खाता." मला लहानपणी हे उलटं वाटायचं. पण ते खरंच आहे. लाकूड कुजवणारी बुरशी पावसाच्या ओलीवर वाढते, मिठाच्या पाण्यात तिचं फार चालत नाही. मचव्याचा नाश समुद्रापेक्षा पागोळ्यांनी जास्त होतो.

आता कुणी विचारील, साग तर जात्याच टिकाऊ, त्याला इतके लाड कशाला? मीही हेच विचारलं होतं, आणि त्याची किंमत दिली. ते पुढं सांगतो. साग टिकतो याचं कारण त्याच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं. वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही, पाण्यानं तो फुगत-आक्रसत कमी. पण हे सगळं गाभ्याचं. सालीलगतचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी ते टिकत नाही. आणि गाभासुद्धा उन्हा-पावसात उघडा राहिला की वरचं तेल उडतं, रंग आधी राखाडी होतो, मग बारीक भेगा पडतात. भेगेत गोडं पाणी शिरलं आणि तिथंच अडकून राहिलं की सागाचंसुद्धा काही चालत नाही.

मी दहावी झालेला. १९७५ साली अकरावी जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली, त्या तुकडीतला. पुढं शिकायची ऐपत नव्हती. पण वाचायची खोड राहिली, आणि वाचता वाचता कळलं की आपण ज्या काठावर तेलाचे बोळे फिरवतो तिथं हे काम किती जुनं आहे. विजयदुर्गाच्या अलीकडं गिर्ये गावाशी खाडीच्या एका फाट्यात जुनी गोदी आहे. आंग्र्यांच्या काळातली म्हणतात. लांबीला सुमारे साडेतीनशे फूट. काही भाग खडक फोडून केलेला. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि त्याची दुरुस्ती, डागडुजी करायची अशी ती जागा. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा पाण्यात एक पोरगा गरी टाकून बसला होता. मी दगडावर बसलो नि मनात आलं, इथंही माणसं उघड्या अंगानं धूत, घासत, सूत ठासत, तेल पाजत असतील. लढायांची नावं बखरीत येतात. बोळा फिरवणाऱ्याचं नाव कुठं येत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१६ च्या सुमाराचं. त्यात आरमाराच्या लाकडाविषयी जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. त्याचा मतलब असा, की आरमाराला तक्ते, सोट, डोलकाठ्या यांसाठी मोठं लाकूड लागतं. आपल्या राज्यातल्या रानात सागासारखी झाडं असतील ती परवानगीनं तोडावी आणि जास्त लागेल ते बाहेरच्या मुलखातून विकत आणावं. आंबा, फणस हीही आरमाराच्या कामाची लाकडं, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड अगदीच जुनं होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं.

शेतकऱ्यानं हे वाचलं की त्याच्या काळजाला लागतं. कारण झाड तोडायला अर्धा दिवस लागतो, पण वाढवणारा ते तोडलेलं बघायला जिवंत असेलच असं नाही. आमचा साग पणजोबांनी राखला आणि आजोबांनी तोडला. म्हणून मला वाटतं, बांधलेल्या होडीचं लाकूड नीट राखणं म्हणजे ज्यानं झाड वाढवलं त्याचं देणं फेडणं. एक काठ कुजवला की दुसरा साग आडवा होतो, एवढा साधा हिशेब आहे.

आमच्या खाडीनं सागाचा एक मोठा नाश पाहिलाय. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचं आरमार वॉटसनच्या हाताखाली विजयदुर्गावर आलं. बरोबर क्लाईव्ह होता, आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून आलेली. तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला उभं होतं. त्यातलं एक जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं. तोफेचा गोळा पडून त्यानंच आधी पेट घेतला आणि तिथून आग सगळ्या आरमारात पसरली. एका संध्याकाळी आंग्र्यांचं आरमार संपलं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या नाकात तेलाचा वास आला. तेल प्यालेलं लाकूड, राळेनं भरलेल्या फटी, सुताचे दोर, वाळलेली शिडं. जे वर्षानुवर्षं पाण्यापासून राखायला लावलं, तेच आगीला खाद्य झालं असणार. पुढं किल्ला पेशव्यांकडे आला आणि आनंदराव धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गाला पुन्हा आरमार उभं राहिलं. म्हणजे पुन्हा साग आला, पुन्हा सुतार आले, पुन्हा बोळे फिरले.

तिकडं मुंबईत तेव्हा दुसरीच घडी बसत होती. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून मुंबईला आले, आणि १७५० मध्ये तिथं सुकी गोदी झाली. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांना जहाजं बांधून दिली. विलायतेत जहाजं ओक नावाच्या लाकडाची व्हायची, आणि लढायांपायी तो ओक कमी पडायला लागला. साग त्याहून काही बाबतींत उजवा निघाला. ओकाच्या आंबट रसानं त्यातले लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलात ते राहतात. तोफेचा गोळा लागला तर सागाच्या ढलप्या ओकाइतक्या उडत नाहीत, आणि त्या काळच्या लढाईत खलाशी गोळ्यापेक्षा ढलप्यांनी जास्त जखमी व्हायचे. १८१३ साली मुंबईत 'कॉर्नवॉलिस' बांधलं. त्याच जहाजावर १८४२ मध्ये इंग्रजांनी चीनशी नानकिंगचा तह केला. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडियांच्या हातून 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरलं. ते अजून तरंगतं आहे. इंग्लंडात हार्टलपूल गावी ते लोक बघायला जातात.

दोनशे वर्षं झाली त्याला. लोक म्हणतात, बघा सागाचा टिकाऊपणा. मी म्हणतो, अर्धंच खरं. त्याच काळात मुंबईत बांधलेली सागाचीच कितीतरी जहाजं गेली. 'त्रिंकोमाली' राहिलं, कारण ते कामात राहिलं. लढाऊ काम संपल्यावर १९८६ पर्यंत त्यावर पोरांना दर्यावर्दीपणा शिकवायचे. कामातल्या जहाजावर रोज कुणाचा तरी हात फिरतो. पुढं त्याची मोठी दुरुस्ती झाली तीही माणसांनीच केली. सागात टिकायचा गुण असतो, पण टिकवायला हात लागतो.

आणि तो साग आला कुठून? बराचसा मलबारातून. तिथली जंगलं एवढी उतरली की १८०६ साली इंग्रजांना वॉटसन नावाचा एक कप्तान जंगलाचा राखणदार म्हणून नेमावा लागला. विजयदुर्गाचा वॉटसन वेगळा, हा वेगळा. हा राखणदार झाडांपेक्षा कंपनीचा साग राखायचा. लोकांच्या खाजगी झाडांवरही त्याचा हात पडायला लागला, तक्रारी वाढल्या आणि १८२३ मध्ये ती जागाच बंद झाली. मग १८४० नंतर कनोली या कलेक्टरनं निलंबूरला साग लावायला घेतला. प्रत्यक्ष लागवड चातु मेनन या माणसानं करून दाखवली. त्यातली काही झाडं आजही उभी आहेत. तोडून संपल्यावर लावायची आठवण झाली. माणसाचं असंच असतं, माझंही तसंच झालं.

१९८४ च्या चैत्रात आजोबा गेले. वडिलांना दमा, त्यामुळं मचव्याचं आमच्या भागीचं काम माझ्यावर आलं. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. खरं सांगतो, मला त्या वासाची लाज वाटायला लागली होती. शिवाय मुशीचं तेल पूर्वीसारखं मिळतही नव्हतं. माझा एक आतेभाऊ मुंबईला फर्निचरच्या पॉलिशचं काम करायचा. तो सुट्टीत येताना वार्निशचे दोन डबे घेऊन आला. म्हणाला, दरवर्षी काय ते तेल चोळत बसता, हे एकदा मारा, काचेसारखं होईल.

तांडेलकाकांनी डबा उघडून वास घेतला आणि म्हणाले, "बघ बाबा, लाकूड तुमचा." यापलीकडं काही बोलले नाहीत.

मी दोन दिवसांत काम उरकलं. पन्नास वर्षं तेल प्यालेलं लाकूड, त्यावर वरवर पॉलिश पेपर मारला आणि वार्निशचे दोन जाड हात दिले. नारळी पुनवेला मचवा पाण्यात गेला तेव्हा त्याचा काठ उन्हात सोन्यासारखा दिसत होता. सगळ्या खाडीत तसा मचवा नव्हता. लोकांनी पाठ थोपटली. मीही फुगलो.

शिमग्यापर्यंत वार्निशला पोपडे आले. ते घरातल्या कपाटाचं वार्निश, उन्हात तडकायचंच. आणि तेलकट सागावर ते धरलंच नव्हतं. तेव्हा मी सगळं खरवडून पुन्हा तेलावर यायला हवं होतं. पण खरवडायला आठ दिवस लागले असते आणि त्या वर्षी कलमांची राखण, लाकूडतोड, लावणी सगळं एकदम होतं. मी पोपड्यांवरून हिरवा ऑइल पेंट मारला. पुढल्या वर्षी पुन्हा त्यावर हिरवा. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. टोकांना मी तेल पाजलं नाही, रंगानं टोकं बुजवली. वरून सगळं चकचकीत. आत पोपड्यांच्या फटीतून पाऊस जात होता आणि रंगाच्या जाड थरामुळं त्याला बाहेर यायला वाट नव्हती.

१९८७ च्या आश्विनात परतीच्या पावसाचं वादळ आलं. मचवा खाडीत नांगरावर होता. राखणीला तांडेलकाकांचा धाकटा मुलगा, अठरा वर्षांचा, आत झोपलेला. नांगराचा दोर नाळेजवळच्या खुंटाला बांधलेला, आणि तो खुंट काठाच्या लाकडात बोल्टानं बसवलेला. रात्री दोर ताणला गेला. दोर तुटला नाही, नांगर सुटला नाही. खुंटच काठाचा तुकडा घेऊन उपटून आला. मचवा वाहत जाऊन खडकावर बसला. पोरानं अंधारात उडी टाकली, जीव वाचला, पण उजवा हात कोपरात मोडला. देवगडला नेलं, प्लॅस्टर केलं. तो हात पुढं कधी पुरता सरळ झाला नाही.

सकाळी ओहोटीला आम्ही तिथं गेलो. तांडेलकाकांनी तो उपटलेला तुकडा चिखलातून उचलला. वरून हिरवा, चकचकीत. त्यांनी टोकावर अंगठा दाबला. अंगठा पेरभर आत गेला. आत ओला भुसा होता नुसता. रंगानं त्याला लाकडाचा आकार धरून ठेवला होता एवढंच. त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला नि म्हणाले, "रंग बरो लावलंस."

मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मचव्याची फळी-फळी सुटून तो तिथंच संपला. ट्रक यायला लागलेच होते, दुसरा मचवा बांधायची कुणाची छाती नव्हती. तांडेलकाका पुढं दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेले. तांडेलाचा खलाशी झाला. मी दिलेले पैसे त्यांनी पोराच्या हाताच्या औषधाला घेतले, त्यापुढं घेतले नाहीत. काठाचा जो भाग सुकाणूच्या बाजूला शाबूत राहिला होता, तो मी घरी आणला. वरचा रंग खरवडला तर आत साग जसाच्या तसा, मधासारखा. त्या टोकाला आजोबांच्या हातचं तेल मुरलेलं होतं, आणि मागं मांडवाखाली तिथवर पाऊस कमी यायचा. तो आता आमच्या पडवीत बाकाला बसवलाय. दर वैशाखात मी त्याला उंडीचं तेल लावतो.

दोन वर्षांपूर्वी, असाच वैशाख होता, तांडेलकाकांचा नातू घरी आला. तांडेलकाका जाऊन बरीच वर्षं झाली. हा त्याच मुलाचा मुलगा, ज्याचा हात मोडला होता. विजयदुर्गाला पर्यटकांना फिरवायला त्यानं फायबरची होडी घेतलीय. फायबरला कुजायचं भय नाही. पण तिच्या वरच्या काठाला, बसायच्या फळ्यांना आणि धरायच्या दांड्याला सागाची पट्टी लावलेली. ती राखाडी झालेली, कुठं काळे डाग पडलेले. तो म्हणाला, "काका, वार्निश मारायचं म्हणतोय. दुकानदार म्हणाला दोन हात मारले की झालं. पण बाबा बोलले, आधी तुम्हांला विचार."

बाबा बोलले, तुम्हांला विचार. मी जरा वेळ काही बोललो नाही. मग त्याच्याबरोबर खाली गेलो.

त्याला मी सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल. राखाडी झालेला साग म्हणजे कुजलेला साग नव्हे. तो रंग वरवरचा असतो. काहीच लावायचं नसेल आणि खाऱ्या पाण्यानं हलक्या हातानं धूत राहिलं, तर नुसता राखाडी सागही पुष्कळ वर्षं जातो. तेल लावायचं असेल तर ते सोपं. त्याचे पोपडे निघत नाहीत, पण उन्हात ते लवकर उडतं आणि जास्त झालं तर काळी बुरशी धरते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी थोडं-थोडं, पुसून-पुसून लावावं. जवसाच्या तेलाचे बोळे कधी गोळा करून टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवावेत नाहीतर पसरून वाळवावेत.

आणि वार्निश वाईट नव्हे. माझी रीत वाईट होती. उन्हा-पाण्यासाठी केलेलं होडीचंच वार्निश घ्यावं. जुना थर पुरता काढावा. लाकूड खडखडीत वाळवावं. सागाचं स्वतःचं तेल वर येत असतं, म्हणून वार्निश लावायच्या अगदी आधी थिनरच्या स्वच्छ फडक्यानं पुसून घ्यावं. पहिला हात निम्मं थिनर घालून पातळ द्यावा, म्हणजे तो आत जातो. मग हळूहळू दाट. दोन हातांच्या मधे बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा. दोन हातांनी काही होत नाही, सहा-आठ लागतात. सकाळचं दव गेल्यावर लावावं, संध्याकाळचं दव पडायच्या आधी थांबावं. आणि मुख्य म्हणजे पोपडे यायची वाट बघू नये. चकाकी जरा मंद झाली की त्याच हंगामात हलकं घासून दोन नवे हात द्यावे. कुठं ठेच लागून लाकूड उघडं पडलं तर त्याच आठवड्यात तिथं बोटभर लावावं. एकदा लावून मोकळं व्हायचं असेल तर लावूच नये.

पर्यटकांना चकाकी लागते म्हणून काठाला वार्निश आणि पायाखालच्या फळ्या तशाच धुऊन ठेवायच्या, असं आम्ही ठरवलं. दहा दिवस लागले. मी पासष्टीचा, पण खरवडायला बसलो की हाताला जुनी सवय आठवते. नातू मोबाईलवर गाणी लावून घासायचा. पहिल्या दिवशी त्यानंही जोरानं, रेघेच्या दिशेनं घासायला घेतलं. मी त्याचं बोट धरून लाकडावरून फिरवलं.

सातव्या दिवशी त्याचा बाप आला. उंडीच्या झाडाखाली बसून बराच वेळ आमच्याकडं बघत राहिला. आमचं बोलणं असतं, भात कसं, पाऊस कसा, तेवढंच. सदतीस वर्षांत त्या रात्रीबद्दल आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. मग तो उठला, वाकड्या कोपराचा हात होडीच्या काठावर ठेवून नाळेपर्यंत चालत गेला. पट्टीच्या टोकावर त्यानं अंगठा दाबून बघितला, बापानं दाबला होता तसाच. साग कडक होता. अंगठा तिथंच ठेवून तो मला म्हणाला,

"टोकाक आणखी पाज रे. टोकां लय पितत."

मी डबा उचलला आणि टोकाला पुन्हा एक पातळ हात दिला.